मुलांना झाडं लावायला नको, गवत ओळखायला बोलवा

प्रति,
माळढोक अभयारण्याच्या परिसरातल्या शाळांसाठी आणि गावांसाठी कार्यक्रम आखणारे वन अधिकारी, शिक्षण खात्यातले अधिकारी आणि त्यांना साथ देणारी निसर्गप्रेमी मंडळी यांस

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. नोकरीची एकतीस वर्षं उत्तर सोलापूर तालुक्यात गेली, बार्शी रस्त्याच्या अलीकडं-पलीकडं. नान्नज, मार्डी, अकोलेकाटी, कारंबा, वडाळा हा सगळा टापू पायाखालचा. तुमचे कार्यक्रम मी आधी मुलांची रांग धरून पाहिले, मग मुख्याध्यापिका म्हणून स्वतः पार पाडले आणि आता नातवंडांच्या तोंडून ऐकते. तुमची कळकळ खरी आहे. भर उन्हात माळावर सायकल हाणणारे वनमजूर मी पाहिलेत, पगार वेळेवर नसतानाही पाणवठ्यांत पाणी टाकणारे पाहिलेत. म्हणून तर हे पत्र लिहायला बसले. जे वाया जातंय ते तुमच्याकडूनच सुधारेल असं मला वाटतं.

आधी एका सकाळचं सांगते.

काही वर्षांपूर्वीचा जुलै. दोन बरे पाऊस झाले होते. पाचवी ते सातवीची मुलं घेऊन आम्ही वृक्षारोपणाला माळावर गेलो. योजना कुणाची होती हे सांगण्यात अर्थ नाही, शिट्टी गळ्यात घालून सगळ्यात पुढं मीच होते. मुरमात फक्कीनं खड्ड्यांच्या खुणा आखून ठेवलेल्या. काळ्या पिशव्यांत गिरिपुष्पाची रोपं आली होती, आमच्याकडं त्याला उंदीरमारी म्हणतात. मुलांना पहार पेलवत नव्हती, पण शाळेबाहेर आल्याचा आनंद इतका की कुणी कुरकुर करत नव्हतं. सहावीतली एक मुलगी मात्र एका खुणेजवळ उकिडवी बसून राहिली. काम टाळते म्हणून मी रागानंच तिच्याजवळ गेले. तिनं काही न बोलता बोट दाखवलं. फक्कीच्या खुणेपासून वीतभरावर, मुरमाच्या खड्यांत चार अंडी होती. मातकट रंग, वर काळपट ठिपके, निमुळती टोकं आत वळलेली. घरटं म्हणावं तर नुसती खळगी आणि कडेनं बारके खडे. मी उभ्यानं पाहिलं तेव्हा दिसलीच नाहीत, तिच्याशेजारी बसले तेव्हा दिसली. माळटिटवीची अंडी. ती टिटवी सकाळपासून आमच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती आणि आम्ही साठ-सत्तर माणसं तिचा आवाज ऐकत खड्डे खणत होतो.

मुलीनं विचारलं, "बाई, खड्डा इथंच पाहिजे काय?"

तेवढा एक खड्डा आम्ही सोडला. तिनं अंड्यांभोवती चार मोठे दगड ठेवले, कुणाचा पाय पडू नये म्हणून. बाकीचे खड्डे खणून झाले, रोपं लागली, फोटो निघाले. त्या दिवशी आणखी किती खळग्या आमच्या पायांखाली गेल्या असतील याचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

जरा लांब मेंढरं थांबवून एक म्हातारे धनगर बाबा काठीवर रेलून बघत होते. मला म्हणाले, "बाई, काय करायलाव हे?" मी म्हटलं, "झाडं लावतोय, मामा. पर्यावरणासाठी." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ह्या झाडाखाली कुसळी येत न्हाई, पवन्या येत न्हाई. मेंढरानं खायचं काय? आन् हूमनं कुठं बसायचं?"

हूम म्हणजे माळढोक. जुनी माणसं त्याला आवाजावरून हूम म्हणतात. पावसाळ्यात नर गळ्याची पिशवी फुगवून, शेपटी उभारून माळावरच्या उंचवट्यावर उभा राहतो आणि खोल घुमणारा आवाज काढतो. शांत पहाटे तो अर्धा-अर्धा किलोमीटर जातो. असा तो पुरुषभर उंचीच्या गवतात उभा राहत नाही, दाट झाडीत तर नाहीच. मादीला तो लांबून दिसावा लागतो, आणि मादीलाही लांबवर बघता यावं लागतं, कारण ती वर्षाकाठी एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. कोल्हा किंवा कुत्रं येताना तिला दुरून दिसलं तर ती काही करू शकते. माळावर ओळीनं झाडं उभी केली की तिची नजर अडते, आणि त्याच झाडांवर अंड्यांवर टपलेल्या कावळ्यांची सोय होते. हे त्या बाबांनी मला एका वाक्यात सांगितलं. पुस्तकांतून मला ते कळायला पुढं कित्येक वर्षं लागली.

नाव तरी बघा. माळावरचा ढोक तो माळढोक. आपल्या भाषेनं त्या पक्ष्याला माळाचंच नाव दिलं. आणि आपण मुलांना शिकवतो की माळ म्हणजे पडीक, उजाड, काही कामाचा नसलेला, म्हणून तिथं झाडं लावून तो हिरवा करायचा.

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही लहरी. खाली चार बोटं माती आणि मग मुरूम. अशा जागी निसर्गानं हजारो वर्षांत जे उभं केलं ते गवत आहे. कुसळी, पवन्या, मारवेल, मधूनच एखादं हिवर, बोर, तरवड. हे जंगल व्हायचं राहून गेलेलं नाही. ते पूर्ण झालेलं आहे, स्वतःच्या परीनं भरलेलं आहे. याच माळावर काळवीट आहेत, लांडगा आहे, खोकड आहे, धाविक आणि पखुर्डी हे पक्षी आहेत, आणि हिवाळ्यात पार कझाकस्तान-रशियाकडच्या गवताळ प्रदेशांतून येणारे भोवत्या आहेत. हे शिकारी पक्षी रात्री झाडावर झोपत नाहीत, गवतात जमिनीवर एकमेकांच्या आसपास उतरतात. दिवसभर नाकतोडे आणि उंदीर टिपतात. शेतकऱ्याचे ते फुकटचे मजूर आहेत, हे गावात कुणी सांगितलेलं मी ऐकलं नाही.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त लागली. चौथीच्या वर्गात मी एकदा "माळढोक" या विषयावर पाच ओळी लिहायला सांगितल्या. बहुतेकांनी पाठ केलेलं लिहिलं: मोठा पक्षी आहे, दुर्मिळ आहे, त्याचे रक्षण केले पाहिजे. एका मुलानं लिहिलं, "माळढोक आमची जमीन घेतो."

मी त्याला ओरडले नाही. कारण माझ्या वडिलांनीही हेच म्हटलं असतं. अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा, तिकडं नगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा, नेवासा. कागदावर गावंच्या गावं, वस्त्या, उसाचे फड, बाजारपेठा सगळं अभयारण्यात. त्यातली बहुतेक जमीन लोकांच्या मालकीची. पुढं न्यायालयाच्या परवानगीनं सीमा नव्यानं आखून ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं, पण मधल्या तीन दशकांत एक पिढी "माळढोकात गेलेली जमीन" हे शब्द ऐकत मोठी झाली. जमीन विकायची तर अडचण, बिगरशेती करायची तर अडचण, रस्त्याची, विजेची कामं अडलेली. माझ्या वडिलांनी बहिणीच्या लग्नासाठी दोन एकर विकायला काढली, तेव्हा एका कार्यालयात त्यांना तीन महिने हेलपाटे घालायला लावले आणि शेवटपर्यंत कुणी नीट सांगितलं नाही की आपला गट सीमेत आहे की नाही. त्यांना पक्ष्याचा राग नव्हता. लहानपणी त्यांनी ज्वारीत उतरलेले माळढोक पाहिले होते, त्याची चाल ते हुबेहूब करून दाखवायचे. राग होता तो उत्तर न मिळण्याचा.

त्या घरातली मुलं शाळेत येतात, आणि आपण त्यांच्यासमोर "माळढोक वाचवा" अशी घोषणा लिहिलेला फलक धरतो. घरात जे बोललं जातं त्याला हात न घालता फलक धरला तर मूल दोन भाषा शिकतं, एक शाळेत बोलायची आणि एक घरी. तुमच्या कार्यक्रमात पहिला तास सीमेचा ठेवा, अशी माझी विनंती आहे. गावचा नकाशा भिंतीवर लावा. कुठला गट सीमेत, कुठला बाहेर, सीमेत असलेल्या जमिनीवर काय करता येतं, कशाला परवानगी लागते, ती कुणाकडं मागायची, किती दिवसांत उत्तर मिळायला हवं. हे मराठीत, मोठ्या अक्षरात, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कायमचं रंगवा. पक्ष्याचं चित्र त्याच्या शेजारी काढा, हवं तर. पण आधी हे.

तसंच नुकसानभरपाईचं. लांडग्यानं मेंढरू मारलं, हरणांनी हरभरा खाल्ला, तर सरकार पैसे देतं. पण त्यासाठी वेळेत कळवावं लागतं, मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नसतं, पंचनामा व्हावा लागतो. मेंढपाळ आज इथं, उद्या तिथं. तो सोलापूरला येऊन अर्ज कधी लिहिणार? मी शाळेत असताना सातवीच्या मुलांना मराठीच्या तासाला अर्जलेखन शिकवताना हाच अर्ज शिकवायचे. "विषय: लांडग्याने दोन मेंढ्या मारल्याबाबत." मुलं आधी हसली. नंतर त्यातल्या एकानं आपल्या चुलत्याचा अर्ज खरोखर लिहून दिला, पंचनामा झाला आणि पैसे मिळाले. त्या चुलत्यानं पुढं लांडग्याच्या बिळाबद्दल मला सांगितलं, पण गावात कुणाला सांगितलं नाही. पिल्लं मोठी होऊन निघून जाईपर्यंत त्यानं त्या बाजूला मेंढरं नेली नाहीत. हा माझ्या लेखी सगळ्यात यशस्वी जनजागृती कार्यक्रम. खर्च एक फुलस्केप कागद.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह असतो. वर्षात माळ सगळ्यात देखणा दिसतो तो याच दिवसांत. गवत कमरेला आलेलं, त्याची फुलोऱ्याची टोकं तांबूस, सकाळच्या उन्हात सगळा माळ हलताना दिसतो. नाकतोड्यांची तर गर्दी. आणि आपण तो सप्ताह कुठं साजरा करतो? सभागृहात. हार, श्रीफळ, दीपप्रज्वलन, मग चित्रकला स्पर्धा. स्पर्धेत मुलं वाघ काढतात, मागं डोंगर आणि सूचिपर्णी झाडं काढतात. वाघ काढणाऱ्या मुलाला बक्षीस मी स्वतः दिलेलं आहे. नान्नजपासून पाच कोसांवर राहणाऱ्या मुलानं गवताचं चित्र काढावं असं त्याला कुणी सुचवलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

माळ कसा शिकवता येतो याचा एक नमुना देते.

दिवाळीनंतर मुलं माळातून शाळेत येतात तेव्हा मोज्यांत, फ्रॉकच्या कडेला, परकराच्या काठाला कुसळं रुतलेली असतात. आम्ही ती काढून फेकून देतो. एका वर्षी मी ती जमा करायला सांगितली. टेबलावर ढीग झाला. प्रत्येकाला एकेक कुसळ दिलं. एका टोकाला अणकुचीदार बी, मागं लांब, पिळलेली काळपट शेपटी. म्हटलं, तळहातावर ठेवा आणि बोट ओलं करून शेपटीला लावा. दोन-तीन क्षण काही नाही. मग कुसळ हललं. हळूहळू शेपटीचा पीळ सुटायला लागला आणि कुसळ तळहातावर गोल फिरलं. वर्गात एकदम आरडाओरडा. एक मुलगा तर हात झटकून उभा राहिला, त्याला वाटलं किडा आहे. वाळल्यावर ते परत पीळ घेतं. पुन्हा दव पडलं की फिरतं. असं फिरत फिरत ते बी स्वतःच स्वतःला मुरमात पेरून घेतं. ना नांगर, ना पाभर. एक मुलगी म्हणाली, "बाई, म्हणजे ते मोज्यात पण पेरायलंय." बरोबर. मेंढरांच्या लोकरीतही पेरतं, म्हणून तर मेंढपाळ कुसळं धरल्यावर त्या भागात मेंढरं घालत नाही, आणि पहिल्या पावसानंतरच्या कोवळ्या गवतावर मात्र आवर्जून नेतो. गवताचं वेळापत्रक आणि मेंढपाळाचं वेळापत्रक एकच कसं, हे त्या दिवशी मुलांनीच एकमेकांना सांगितलं, कारण वर्गात तीन मुलं धनगरांच्या घरची होती. एरवी ती मागच्या बाकावर बसायची.

त्या तीन मुलांसाठी मी हे पत्र लिहिते आहे असं म्हटलं तरी चालेल. कार्यक्रमाला तज्ज्ञ येतात, पडद्यावर छान चित्रं दाखवतात आणि "चराईमुळे माळ नष्ट होतो" असं एक वाक्य टाकून जातात. अति चराईनं नुकसान होतं, हे मीही मानते. पण मागच्या बाकावरच्या त्या मुलांनी त्या वाक्यात काय ऐकलं? तुझा बाप चोर आहे. उसासाठी माळ फोडला, विंधन विहिरींनी खालचं पाणी ओढलं, विजेच्या तारा ओढल्या, पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यातलं काहीच त्याच्या बापानं केलेलं नाही. माळ माळ म्हणून राहावा यात ज्याचं पोट गुंतलंय असा गावात तोच एक. त्याला आपण आरोपी करून ठेवलं.

नान्नज हे गाव निरीक्षणात कच्चं नाही, हेही लक्षात घ्या. द्राक्षाची सोनाका ही जात याच गावात निघाली. नानासाहेब काळे यांच्या बागेत थॉमसन जातीच्या वेलीवर एका फांदीचे मणी इतरांपेक्षा वेगळे, लांबट दिसले, ते त्यांनी हेरलं, जपलं, वाढवलं. आज बेदाण्यासाठी आणि खाण्यासाठी ती द्राक्षं लावली जातात. हजारो घडांतून वेगळा घड ओळखणारी नजर ज्या मातीत आहे, तिथल्या माणसांना "पक्षी कसा ओळखावा" हे शिकवायला वरून उतरू नका. त्यांच्याकडून शिकायला या, मग तुमच्याकडचं सांगा.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नान्नजच्या माळढोकाकडं जगाचं लक्ष वेधलं ते बी. एस. कुलकर्णी यांनी. नंतर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी इथं अभ्यासाला आले. लांडग्यांवर बिलाल हबीब यांनी याच भागात अभ्यास केला. या सगळ्यांना वाट दाखवणारे, घरटी-बिळं दाखवणारे इथलेच गुराखी, मेंढपाळ, वनमजूर असणार. त्यांची नावं कुठल्या शाळेच्या भिंतीवर नाहीत. एक दिवस वनमजुराला पाहुणा म्हणून बोलवा, त्यालाच खुर्ची द्या, श्रीफळ द्या. मुलं प्रश्न विचारून त्याला सोडणार नाहीत.

कोकणात वेळासला काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. कासवाची अंडी गोळा करून खाणाऱ्या किंवा विकणाऱ्या गावानं चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेबरोबर ती अंडी राखायला सुरुवात केली, आणि आता कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायला पुण्या-मुंबईची माणसं येतात, गावातल्या घरांत उतरतात, तिथंच जेवतात. गोंदियाकडं भाताच्या बांधांत सारस घरटं करतो, ते घरटं पिकासकट राखणारे शेतकरी आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातले डॉ. प्रमोद पाटील राजस्थानातल्या थरमध्ये माळढोकासाठी गावकऱ्यांना बरोबर घेऊन काम करत राहिले, त्याबद्दल त्यांना २०१५ साली व्हिटली पुरस्कार मिळाला. म्हणजे महाराष्ट्रातल्या माणसाला हे जमतं. सोलापुरात का जमू नये, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

इथला एक मुहूर्त सुचवते. येळवस. वेळा अमावास्येला आमच्या भागात गावात माणूस सापडत नाही. सगळं घर शेतात. कडब्याची कोप घालतात, आत पांडव मांडतात, भज्जी, उंडे, आंबील, खिचडा. ज्याच्या शेतात जाल तिथं जेवायला बसवतात, नाही म्हणायची सोय नसते. ज्वारी निसवलेली असते, वर भोवत्या फिरत असतात. त्या दिवशी या. माईक नको, बॅनर नको. आंबील प्या आणि जेवण झाल्यावर कोपीच्या सावलीत बसून म्हाताऱ्यांना विचारा, की तुमच्या लहानपणी इथं काय काय दिसायचं. बरोबर दोन विद्यार्थी आणा, त्यांना लिहून घेऊ द्या. माळढोक कुठल्या शिवारात उतरायचा, ज्वारीत की हरभऱ्यात, किती असायचे, कधीपासून दिसेना. ही माहिती अशा माणसांपाशी आहे ज्यांतली दरवर्षी काही कमी होतात.

माळढोक आता दिसतच नाही, मग हे सगळं कशाला, असं मला गावात विचारतात, आणि तुमच्यातलेही काही खाजगीत विचारत असतील. खरं आहे. आज नान्नजला एखादा दिसला तरी बातमी होते. देशभरात मिळून दीडशेच्या आसपास उरले असतील, त्यातले बहुतेक जैसलमेरकडं. माळढोकाची नजर बाजूला चांगली, समोर मात्र अरुंद, आणि दहा-पंधरा किलोचा जड पक्षी उडताना झटकन वळू शकत नाही, त्यामुळं विजेच्या तारांवर आदळून मरतो. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला तारा जमिनीखालून नेण्याबद्दल आदेश द्यावा लागला, पुढं २०२४ साली तो बदलून तज्ज्ञ समितीकडं विषय दिला. जैसलमेर जिल्ह्यात २०१९ पासून अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं काम चालू आहे. ती पिल्लं कधीतरी मोकळ्या माळावर सोडायची वेळ येईल. तेव्हा कुठला माळ शिल्लक असेल, आणि त्या माळाशेजारच्या गावाला तो पक्षी हवा असेल का? आज चौथीत असलेली मुलं तेव्हा सरपंच असतील, तलाठी असतील, बागाईतदार असतील. "माळढोक आमची जमीन घेतो" असं लिहिणारा मुलगा आता अठ्ठावीस वर्षांचा आहे. ट्रॅक्टर चालवतो, गावात त्याचं ऐकतात.

मुलांपासून हे लपवू नका. "माळढोक आपल्या गावची शान" असा फलक लावून त्यांना न दिसणारा पक्षी शोधायला लावण्यापेक्षा, तो का दिसत नाही हे सांगा. मुलांना खरं पेलतं. आणि जे दिसतं ते दाखवा. चंडोल उडत उडत गातो ते दाखवा. टिटवीची अंडी दाखवा, लांबून. काळवीट उधळताना सगळ्यात आधी कोण उधळतं ते मोजायला लावा. गावाकडेला पडणारा कोंबड्यांचा कचरा आणि त्यावर पोसलेली मोकाट कुत्री हरणांची पाडसं कशी फाडतात, हेही दाखवा, मग कुत्र्यांच्या नसबंदीसाठी ग्रामसभेत ठराव मांडायला मुलंच आईबापांच्या मागं लागतील.

प्रत्येक शाळेला एक वही द्या. जाड पुठ्ठ्याची, पाऊस लागला तरी न फाटणारी. तिच्यात मुलांनी दर महिन्याला एक पान लिहावं: मृगाचे लाल मखमली किडे कधी दिसले, पहिलं गवत कधी उगवलं, कुसळं कधी धरली, पहिला भोवत्या कुठल्या दिवशी दिसला, कुठं वणवा लागला. सातवीची मुलं जाताना वही पाचवीच्या हातात देतील. माझ्या शाळेत अशा चार वह्या झाल्या, मग माझी बदली झाली आणि ते थांबलं. त्या चारही वह्या माझ्याकडं आहेत. एका पानावर त्या टिटवीच्या अंड्यांचं चित्र आहे, भोवती चार दगड काढलेले, आणि खाली सहावीतल्या त्या मुलीनं लिहिलंय: "दुसऱ्या दिवशी गेलो तर तीन पिल्ले पळत होती. एक अंडे तसेच होते."

त्या दिवशी लावलेल्या रोपांपैकी बरीच जगली. आता त्यांची ओळ झाली आहे. तिच्याखाली कुसळी नाही, पवन्या नाही.

येत्या जूनमध्ये पुन्हा खड्ड्यांच्या खुणा आखायला फक्की निघेल. झाडं गावात लावा, शाळेच्या आवारात लावा, रस्त्याकडेला वड-पिंपळ-लिंब लावा, मी मुलांबरोबर खड्डे खणायला येईन. माळावर मात्र त्याआधी एकदा माझ्याबरोबर या. सकाळी सहाला मी फाट्यावर थांबेन, वह्या घेऊन. बूट जाड घाला, कुसळं लागतात.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
उत्तर सोलापूर तालुका